डोळ्यांना दिसलेला, फोटोत न आलेला फ्लॅश: चवथीच्या घरातल्या एका फोटोचं प्रकरण

फोंडा तालुक्यात कुळागराच्या कडेला असलेलं हे एक जुनं घर. जाड चिऱ्याच्या भिंती, मधोमध उघडं राजांगण, त्यात तुळस, चारही बाजूंनी पडवी. समोरच्या पडवीला लागून गणपतीची खोली. वर्षभर या घरात चार माणसं असतात. चवथीला पेडणे, डिचोली, बेळगाव, मुंबई आणि मस्कतहून सगळे येतात. त्या वर्षी चौसष्ट जण होते. यजमान काकांनी मला एकच फोटो सांगितला होता: सगळी माणसं, मागे गणपती, वर माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगलेली, फळं बांधलेली चौकट), आणि कोणाचाही चेहरा काळोखात नको.

त्यांची अटही एकच होती. "आरती जातकच फोटो, बाब. आरतीत लायट मारपाची ना." अट मला पटलेली होती. घुमट, शामेळ आणि कासाळ्यांच्या ठेक्यात सगळं घर आरती म्हणत असताना डोळ्यांवर फ्लॅश मारणं मला स्वतःलाही नको होतं. त्यामुळे आरती संपल्यापासून पानं मांडेपर्यंतची दहा-बारा मिनिटंच माझ्या हाती होती. दुसऱ्या दिवशी अर्धी माणसं आपापल्या वाटेला लागणार होती, तेव्हा "उद्या परत काढू" म्हणायची सोय नव्हती.

एका फ्लॅशने हे काम का होत नव्हतं, ते आधी सांगतो. कॅमेरा राजांगणाच्या अलीकडच्या पडवीत, बाकावर. तिथून पहिली रांग सात मीटरवर, गणपतीची मूर्ती साधारण अकरा मीटरवर. प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा जितका उजेड पहिल्या रांगेवर पडेल, त्याच्या निम्माही मूर्तीपर्यंत पोचणार नाही. त्यात माटोळीचा प्रश्न वेगळाच. नारळ, सुपारीची शिपटं, केळीचे घड, चिबूड, तोरिंगं, कांगलां असं सगळं रान त्या चौकटीला टांगलेलं असतं. समोरून सपाट उजेड मारला तर सगळं मिळून एक ढीग दिसतो. बाजूने मारला तर प्रत्येक फळाला गोलाई येते. ज्या घरातल्या बायका-पुरुषांनी दोन दिवस खपून ती माटोळी बांधली, त्यांच्या फोटोत तिचा ढीग करणं मला मंजूर नव्हतं.

म्हणून पाच फ्लॅश. दोन छत्र्यांतून माणसांवर, डावीकडून आणि उजवीकडून. तिसरा गणपतीच्या खोलीत दाराच्या चौकटीआड, बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर मारलेला. त्याच्या तोंडाला नारिंगी जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, म्हणजे समईच्या रंगाशी उजेड जुळेल. चौथा माजघरात, अगदी कमी ताकदीवर, मागची खिडकी जिवंत वाटावी एवढ्यापुरता. हे चारही फ्लॅश २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ ट्रिगरवर: कॅमेऱ्यावरचा ट्रिगर बिनतारी संदेश पाठवतो, फ्लॅशला जोडलेला रिसीव्हर तो ऐकून फ्लॅश पेटवतो. पाचवा फ्लॅश काकांच्या नातवाचा, खरं तर त्याच्या आजोबांचा. जुना, पण ठणठणीत. तो डाव्या खांबाआड ठेवला.

या पाचव्याला रेडिओ रिसीव्हर जोडला नाही, त्याला कारण आहे. जुन्या फ्लॅशच्या तळाच्या टोकांवर कधीकधी दोनशे व्होल्टच्याही वर दाब असतो. आजच्या काही कॅमेऱ्यांना तो सोसतो, काहींना नाही, आणि छोट्या रिसीव्हरना तर बहुतेक नाहीच. मल्टीमीटर लावून पाहिलं तर आकडा दीडशेच्या पुढे गेला. मी तो कॅमेऱ्याला लावला नाही आणि रिसीव्हरलाही नाही. त्याच्या पायाशी दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून पेटवणारा छोटा 'डोळा' लावला, म्हणजे ऑप्टिकल स्लेव्ह. असा जुना फ्लॅश कोणाच्या कपाटात असेल तर कॅमेऱ्यावर चढवण्याआधी मीटर लावाच. कॅमेऱ्याचं सर्किट एकदा जळलं की ते दुरुस्त करणं महाग पडतं.

दुपारी तीन वाजता रिकाम्या घरात चाचणी घेतली. वीस वेळा बटण दाबलं, वीसही वेळा चारही रेडिओवाले पेटले. जुना फ्लॅश तेवढा संध्याकाळी जोडायचा होता. मी निर्धास्त झालो. त्या निर्धास्तपणाची किंमत संध्याकाळी साडेसहापासून मोजावी लागली.

सुरुवात पावसाने केली. छत्र्यांचे दोन्ही स्टँड राजांगणात, पहिल्या रांगेपासून तीन मीटरवर ठेवले होते. भाद्रपदातली सर आली आणि ते उचलून माझ्या बाजूच्या पडवीत, छपराखाली घ्यावे लागले. पहिली रांग आता सहा मीटरवर गेली. अंतर दुप्पट, उजेड चौथाई, म्हणून फ्लॅशची ताकद एक-अष्टमांशावरून निम्म्यावर न्यावी लागली. यातला एक भाग फायद्याचा होता. आधी पहिली रांग तीन मीटरवर आणि शेवटची सहावर होती, दोघींत दोन स्टॉपचा फरक पडत होता (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आता सहा आणि नऊ झाल्यावर तो सव्वा स्टॉपच्या आत आला. मागच्या आज्या पुढच्या मुलांइतक्याच स्वच्छ दिसू लागल्या. पण पुढचे निम्मे घोटाळे याच हलवाहलवीतून निघाले.

पहिला घोटाळा असा की फ्लॅश आता कॅमेऱ्याच्या हाताच्या अंतरावर आले आणि त्यातला एक, बरोबर माझ्या कुशीत असलेलाच, मधूनच बहिरा होऊ लागला. बारा मीटर लांब माजघरातला पेटतो आणि एका मीटरवरचा पेटत नाही! मी आधी सेल बदलले, मग रिसीव्हरची जोडणी पुसली, यात दहा मिनिटं गेली. कारण ट्रिगरच्या मेनूमध्ये होतं. अनेक ट्रिगरना अंतराचे दोन टप्पे असतात, एक शून्य ते तीस मीटरचा आणि दुसरा एक ते शंभर मीटरचा. मी दूरचा टप्पा ठेवला होता, कारण चिऱ्याच्या भिंती डोक्यात होत्या. त्या टप्प्यात अगदी जवळच्या रिसीव्हरला संदेश नीट झेपत नाही, कानाशी कोणी ओरडलं की शब्द कळत नाहीत तसं. जवळचा टप्पा केला आणि तो फ्लॅश पुन्हा एकदाही चुकला नाही. माजघरातल्यालाही काही फरक पडला नाही.

दुसरा घोटाळा फोटोच्या तळाला दिसला. पुढे मांडी घालून बसलेल्या मुलांच्या पायांवरून एक काळी पट्टी. माझ्या कॅमेऱ्याचा सिंक वेग १/२०० सेकंद आहे आणि मी तोच ठेवला होता. पडद्याच्या शटरमध्ये या वेगापर्यंतच सबंध सेन्सर एका क्षणी उघडा असतो, आणि तो क्षण फार लहान असतो. रेडिओने संदेश पाठवायला, उलगडायला आणि फ्लॅश पेटवायला थोडा वेळ जातो. तेवढ्यात दुसरा पडदा सरकायला लागतो आणि त्याची सावली सेन्सरवर येते. पडदा वरून खाली येतो, सेन्सरवरची प्रतिमा उलटी असते, म्हणून सावली फोटोच्या तळाला पडते. कॅमेऱ्यावर थेट बसवलेल्या फ्लॅशने हा त्रास होत नाही, म्हणून अनेकांना तो पहिल्यांदा रेडिओ वापरतानाच भेटतो. मी वेग १/६० केला. पट्टी गेली, शिवाय समईची ज्योत आणि मखराभोवतीची दिव्यांची माळ फोटोत उमटू लागली. माणसांना गोठवायचं काम फ्लॅशची झळकच करते, शटरची घाई करायला नको होती.

आता मुख्य गोष्ट.

जुना फ्लॅश जोडला आणि फोटोत डावी बाजू काळी. पुन्हा काढला, पुन्हा काळी. नातू त्याच्याच शेजारी उभा होता. तो म्हणाला, "दादा, पेटला तो. मी बघितला, शपथ." मीही पाहिला होता. फ्लॅश पेटत होता, खांबावर उजेड पडत होता, सगळ्यांचे डोळे मिचकत होते आणि फोटोत तो नव्हता. असं झालं की माणूस सेटिंगच्या मागे लागतो, मीही ताकद वाढवली, कोन बदलला. डावी बाजू तशीच.

मग मी नातवाच्या मोबाईलवर स्लो मोशन लावायला सांगितलं, सेकंदाला २४० चौकटींवर. कॅमेरा माझा, चित्रण त्याचं. ते हळू चालवून पाहिलं आणि सगळं उलगडलं. जुना फ्लॅश खरोखर पेटत होता, पण बाकीच्यांच्या बऱ्याच चौकटी आधी. त्याच्या आधी एक बारीकशी झळक, तिच्याबरोबर जुना फ्लॅश, मग अंधार, आणि मग बाकीचे सगळे एकदम.

ती बारीक झळक माझ्याच कॅमेऱ्यावरून येत होती. ट्रिगरच्या डोक्यावर मी त्या पाचांशिवाय आणखी एक छोटा फ्लॅश चढवला होता, डोळ्यांत चमक यावी म्हणून, आणि तो टीटीएलवर होता. टीटीएलमध्ये फ्लॅश दोनदा पेटतो. पहिल्यांदा अगदी कमी ताकदीने, शटर उघडण्याआधी. परत आलेला उजेड कॅमेरा मोजतो आणि त्यावरून खऱ्या झळकेची ताकद ठरवतो. आपल्या डोळ्यांना दोन्ही मिळून एकच वाटतात. स्लेव्हच्या डोळ्याला ती पहिली झळकच हुकूम वाटते. तो आपला सगळा साठा तिथेच सोडतो, आणि शटर उघडतं तेव्हा त्याचा कपॅसिटर रिकामा असतो.

नव्या फ्लॅशमध्ये यासाठी दोन पर्याय असतात, एस१ आणि एस२. एस१ पहिल्या झळकेला पेटतो, एस२ पहिली सोडून दुसरीला. जुन्या फ्लॅशच्या त्या डोळ्याला असं काही मोजता येत नाही. म्हणून मी डोक्यावरचा फ्लॅश मॅन्युअल केला, १/३२ ताकदीवर. मोजणीची झळक बंद झाली, डावी बाजू उजळली.

पण हा डोळा कोणाचाही हुकूम मानतो, हे विसरून चालत नाही. मुंबईच्या मावशींचा छोटा कॅमेरा टीटीएलवर फोटो काढत होता, तेव्हाही जुना फ्लॅश पेटायचा आणि पुढचे आठ-दहा सेकंद भरत बसायचा. नेमकं त्याच वेळी मी बटण दाबलं तर डावी बाजू गेली. एकदा तर आभाळात वीज चमकली आणि तो आपोआप पेटला. मुलांना फार गंमत वाटली. मावशींना विनंती केली, "फोटोच्या वेळी तेवढी पाच मिनिटं कॅमेरा खाली ठेवाल का?" त्यांनी लगेच ठेवला. विजेला विनंती करता येत नव्हती. म्हणून प्रत्येक फोटोआधी नातवाने त्या फ्लॅशचा तयार असल्याचा लाल दिवा बघून हात वर करायचा असं ठरवलं. त्यातही एक बारकावा आहे. तो दिवा बऱ्याच फ्लॅशमध्ये पूर्ण भरण्याआधीच लागतो. दिवा लागल्यावर मनात तीन आकडे मोजून हात वर कर, असं मी त्याला सांगितलं. गावच्या दुकानातून आणलेले साधे सेल काढून माझे रिचार्जेबल घातले. त्यांचा दाब १.२ व्होल्टच असतो, पण ते एकदम जास्त करंट देऊ शकतात, त्यामुळे भरण्याचा वेळ निम्म्यावर आला.

राहिला गणपतीच्या खोलीतला फ्लॅश, आणि सगळ्यांत जास्त घाम त्याने काढला. दुपारी वीसपैकी वीस वेळा पेटलेला हा फ्लॅश संध्याकाळी दहापैकी सहा वेळा पेटायचा. सेल नवे, जोडणी तीच, जागा तीच. दुपारपासून बदललं होतं ते एवढंच की घर माणसांनी भरलं होतं.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. ही लहर पाण्यात शोषली जाते, आणि माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच. त्यात ओल्या दिवसांतला जाड चिरा. दुपारी संदेश राजांगणावरून सरळ जाऊन दारातून आत शिरत होता. आता त्या वाटेत दोन्ही बाजूंनी माणसांची भिंत होती. दुसरा संशय दाराच्या बाजूलाच टांगलेल्या वायफायच्या राउटरवर. मस्कतच्या नातेवाइकांना आरती थेट दाखवायची होती, म्हणून तो मुद्दाम तिथे आणला होता. वायफाय, ब्लूटूथ, बहुतेक फ्लॅश ट्रिगर, सगळे याच विनापरवाना पट्ट्यात बोलतात, आणि त्या पडवीत त्या वेळी साठेक मोबाईल असतील.

दोन्ही संशय एकदमच होते, त्यामुळे कोणता किती, हे कळायला मार्ग नव्हता. तो मार्ग वीजखात्याने काढून दिला. सव्वासातला लायट गेली. इन्व्हर्टरवर दिवे राहिले, राउटर बंद पडला. मी तसेच दहा फोटो काढले: फ्लॅश नऊ वेळा पेटला. लायट आली, राउटर सुरू झाला, पुन्हा दहा काढले: सात. माणसं दोन्ही वेळा जागच्या जागी होती. दहा-दहा फटक्यांवरून मी शास्त्र सांगणार नाही, पण राउटरचा वाटा आहे आणि सगळा दोष त्याचा नाही, एवढं त्यावरून धरून चालता आलं.

ट्रिगरच्या स्कॅनने मोकळं चॅनल शोधलं आणि सगळ्या फ्लॅशवर तेच लावलं. आठवर आलो. फ्लॅशचा स्टँड उंच केला तर तो चौकटीत दिसू लागला. राउटर हलवावा का, असं काकांना विचारणार होतो, तेवढ्यात आजी मोबाईलच्या पडद्यावर मस्कतच्या नातीला माटोळी दाखवत होत्या. मी तो विषय काढलाच नाही. ते पोर हजार मैलांवरून आरतीला बसलं होतं. माझ्या फ्लॅशपेक्षा त्या जोडणीचा हक्क मोठा होता.

शेवटी तार काढली. माझ्या पिशवीत पाच मीटरची सिंक केबल नेहमी असते. रिसीव्हर फ्लॅशपासून वेगळा केला आणि गणपतीच्या दारावर, बाहेरच्या बाजूला, माणसांच्या डोक्यांच्या वर एका खिळ्याला टांगला. तिथून माझा ट्रिगर सरळ दिसत होता, मध्ये कोणी नाही. तिथून केबल चौकटीच्या कडेने, आंब्याच्या टाळ्यांमागून आत नेली आणि फ्लॅशला जोडली. रेडिओला जी वाट मोकळी होती तेवढी त्याने चालायची, भिंतीमागचे चार मीटर तारेने. चाचणी: पंधरापैकी पंधरा.

हे सुचायला मला एका अमेरिकन छायाचित्रकाराची आठवण कारणीभूत झाली. ओ. विन्स्टन लिंक याने १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिनं रात्री टिपली, डझनावारी फ्लॅशबल्ब तारांनी एकत्र जोडून. प्रत्येक बल्ब एकदाच पेटणारा आणि गाडी काही पुन्हा मागे येणार नाही. त्याचा भरवसा तारेवर होता. रेडिओ आल्यापासून आपण तार घरी ठेवतो, मीही दुपारी ती पिशवीतच ठेवली होती. ती आधीच काढली असती तर माझा संध्याकाळचा पाऊण तास वाचला असता.

आरती नऊच्या सुमारास संपली. प्रसाद वाटून होईपर्यंत थांबलो, आणि या मधल्या वेळासाठीच सगळ्या फ्लॅशचं आपोआप झोपी जाणं आधी बंद करून ठेवलं होतं. बरेच फ्लॅश काही वेळ काम नसलं की मालवतात आणि रेडिओच्या हाकेला उठतीलच असं नाही. माणसं बसली. म्हातारे खुर्च्यांवर, मुलं पायऱ्यांवर, दारासमोर मूर्ती दिसेल एवढी वाट मोकळी. एफ/८, आयएसओ ८००, १/६०. नातवाने हात वर केला की मी बटण दाबायचं, मग निवांत थांबायचं. बारा फोटो काढले. अकरांत पाचही फ्लॅश आहेत. चौथ्यात डावी बाजू काळी आहे, कारण एक तान्हं बाळ गोड हसलं आणि मी हाताची वाट न बघता बटण दाबलं.

त्या संध्याकाळनंतर माझी शोधायची रीत बदलली आहे. फ्लॅश फोटोत नसला की मी आता सेटिंगला हात लावत नाही, आधी विचारतो की त्याने ऐकलंच नाही, की ऐकलं पण तो भरलेला नव्हता, की त्याने भलत्याचंच ऐकलं. ऐकलंच नसेल तर तो पेटलेला दिसतच नाही. तिथे अंतराचा टप्पा, चॅनल, वाटेतली माणसं आणि तार बघायची. भरलेला नसेल तर एकाआड एक फोटोत चुकतो किंवा फिका पडतो. तिथे सेल, ताकद आणि सबुरी. भलत्याचं ऐकलं असेल तर तो पेटलेला दिसतो आणि फोटोत मात्र नसतो, तेव्हा मोबाईलचं स्लो मोशन लगेच सांगून टाकतं. आणि चाचणी माणसं भरल्यावर घेतो. रिकाम्या घरातली वीसपैकी वीस मला आता दिलासा देत नाही.

निवडलेला फोटो मोठा करून काकांनी बाहेरच्या पडवीत लावला आहे. कांगलां लाल दिसतात, तोरिंगांच्या सालीवरचे खड्डेसुद्धा मोजता येतील. डाव्या कोपऱ्यातले दोघे मामा बाकीच्यांहून जरासे काळोखात आहेत. तो जुना फ्लॅश तेवढाच पोचत होता. गणपतीच्या दारावरचा खिळा काकांनी काढू दिला नाही. पुढच्या चवथीला गेलो तेव्हा तो तिथेच होता आणि त्याला आंब्याचा टाळा बांधलेला होता.